पाळी जाण्याची वर्षं: दुधाच्या खाड्यांशेजारी आणखी एक खूण

आमच्या स्वयंपाकघराच्या दाराआड वर्षानुवर्षं कालनिर्णय टांगलेलं असतं. दूधवाल्याचे खाडे, सिलिंडर लावल्याची तारीख, संकष्टीला चंद्रोदय किती वाजता, भिशी कोणाकडे, सगळं त्यावर. माझी पाळी मात्र त्यावर कधी आली नव्हती. शेहेचाळिसाव्या वर्षी डॉक्टरांनी विचारलं, "शेवटची पाळी कधी?" मी म्हटलं, "गणपतीच्या आसपास." त्यांनी विचारलं, "यंदाच्या की मागच्या?" आणि मला खरंच सांगता येईना.

पुढे दहा मिनिटांत त्यांनी निकाल दिला: वय झालंय, मुलं मोठी झालीत, पिशवी काढून टाकू. सुदैवाने जाऊबाई सोबत होत्या. त्या म्हणाल्या, "अजून एकांना दाखवू." दुसरीकडे कळलं की गर्भाशयातली गाठ लहान होती, थायरॉईड बिघडलेलं होतं आणि हिमोग्लोबिन अवघं साडेआठ होतं. पिशवी अजून जागेवर आहे.

मी डॉक्टर नाही. पण या सहा-सात वर्षांत स्वतःचं, जाऊबाईंचं आणि भिशीतल्या अर्ध्या बायकांचं बघून जे शिकले, डॉक्टरांना विचारून जे तपासून घेतलं, ते क्रमाने लिहिते.

पहिलं काम: नेमकं काय चाललंय ते समजून घ्या

सलग बारा महिने पाळी आली नाही की रजोनिवृत्ती झाली असं मानतात. म्हणजे ती झाल्याचं वर्षभरानंतरच कळतं. आपल्याकडे हे साधारण ४६-४७व्या वर्षाच्या आसपास होतं. युरोप-अमेरिकेत सरासरी ५१ आहे. त्यामुळे परदेशी व्हिडिओ बघून "मला अजून वेळ आहे" असं समजू नका. चाळिशीच्या आत पाळी गेली तर तो वेगळा विषय आहे, त्याला उपचार लागतातच. ४० ते ४५ च्या दरम्यान गेली तरी डॉक्टरांना दाखवा.

खरा त्रास बहुतेक वेळा पाळी जाण्याच्या आधी सुरू होतो. तीन-चार वर्षं, कुणाला त्याहून जास्त, अंडाशयाचं काम लहरी चालतं. एखाद्या महिन्यात स्त्रीबीज बाहेर पडतच नाही. मग प्रोजेस्टेरॉन, म्हणजे अस्तराला आवर घालणारं हार्मोन, तयार होत नाही, गर्भाशयाचं अस्तर नुसतं वाढत राहतं आणि दोन महिन्यांनी एकदम भरपूर अंगावर जातं. मधेच इस्ट्रोजेन हे दुसरं हार्मोन खाली घसरतं, तेव्हा गरम वाफा, घाम, झोपमोड, चिडचिड. सांधे धरणं, छातीत धडधड, नाव आठवता आठवता जिभेवर अडकणं, डोळे आणि कातडी कोरडी पडणं हेसुद्धा यात येतं. सगळ्यांना सगळं होत नाही. काही जणींची पाळी निमूट निघून जाते आणि त्या आपल्याला "आमच्या वेळी नव्हतं बाई असलं काही" असं ऐकवतात.

एक गोष्ट विसरू नका. पाळी चुकली म्हणजे गेली असं नाही. ४७व्या वर्षीही दिवस राहू शकतात. साधारण नियम असा: शेवटची पाळी पन्नाशीच्या आत आली असेल तर पुढची दोन वर्षं, पन्नाशीनंतर आली असेल तर एक वर्ष गर्भनिरोधक चालू ठेवायचं. शंका आली तर औषधाच्या दुकानात लघवीची तपासणी पट्टी मिळते. लाजायचं कारण नाही.

दुसरं काम: कॅलेंडर

हे काम मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, म्हणून जरा लांबवते.

दुधाचा खाडा जसा मांडता तसंच हे मांडायचं. मोबाईलमधलं ॲप जमत असेल तर उत्तम. मला भिंतीवरचं बरं, कारण ते रोज दिसतं. घरात पाहुणे येतात, सासरे-दीर असतात, म्हणून शब्द लिहायचे नाहीत, खुणा करायच्या. माझ्या अशा आहेत:

पाळीच्या दिवशी तारखेखाली टिंब. साधं असेल तर एक, जास्त असेल तर दोन, रक्ताच्या गाठी पडल्या किंवा पॅड ओसंडलं तर तीन. गरम वाफ आली तर बारीक उभी रेघ, दिवसाला जितक्या तितक्या. रात्री झोप मोडली तर चंद्रकोर. मन अगदीच वाईट असेल त्या दिवशी फुली. लघवीचा त्रास झाला तर "ल". पुरे. यापेक्षा जास्त ठरवलंत तर आठवड्यात कंटाळाल.

शिवाय एक खूण आपल्याकडे फार लागते: पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या घेतल्या ते दिवस. गौरी-गणपती, सत्यनारायण, कुणाचं लग्न, पंढरीची वारी, कारणं काही कमी नसतात. या गोळ्यांमध्ये हार्मोन असतं आणि त्यांनी सगळं वेळापत्रक हलतं. पाळी आपोआप लांबली की गोळीने, हे नंतर ओळखता येत नाही. चाळिशीनंतर, विशेषतः वजन जास्त असेल, बीपी असेल, पायात कधी रक्ताची गाठ झाली असेल तर या गोळ्या शेजारणीच्या सांगण्यावरून घेऊ नयेत. देवाला कुणाची पाळी खटकत असेल असं मला आता वाटत नाही, पण तो प्रत्येकीच्या घरचा प्रश्न आहे. घेतलीच तर निदान खूण करा.

तीन महिन्यांत चित्र दिसायला लागतं. माझ्या रेघा दुपारी चारनंतर वाढायच्या आणि चंद्रकोर नेहमी जास्त रेघांच्या दिवशीच असायची. म्हणजे झोपेची वेगळी गोळी मला नको होती, वाफा थांबायला हव्या होत्या. हे डॉक्टरांना तोंडी सांगितलं असतं तर "झोप लागत नाही" एवढंच पोचलं असतं.

तिसरं काम: रक्तस्राव कधी अंगावर काढायचा नाही

"या वयात असं होतंच" हे वाक्य इथे चालत नाही. पुढच्यापैकी काहीही असेल तर या आठवड्यातच दाखवा:

- पाळी जाऊन वर्ष झाल्यावर परत लाल डाग दिसला, भले एकच थेंब असो
- दर तासाला पॅड बदलावं लागतं आणि असं काही तास चालतं (इथे आठवड्याचीही वाट नको, त्याच दिवशी जा)
- आठ-दहा दिवस थांबतच नाही, किंवा एकवीस दिवसांच्या आत परत येते
- दोन पाळ्यांच्या मधे किंवा संबंधानंतर रक्त जातं
- घाण वासाचं पाणी जातं, ओटीपोट सारखं फुगलेलं वाटतं

पहिलं कारण नीट समजून घ्या. वर्षभर कोरडं गेल्यावर आलेलं रक्त बहुतेक वेळा साध्या कारणाने असतं. आतली कातडी पातळ झालेली असते. पण अशा सुमारे दहा बायकांमागे एकीला गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग निघतो, आणि तो लवकर सापडला तर बरा होतो. सोनोग्राफीत अस्तराची जाडी बघतात. ती ४ मिलिमीटरपेक्षा जास्त असेल तर आतला तुकडा तपासायला घेतात. आमच्या ओळखीतल्या एक आजी "पाळी परत आली, म्हणजे तब्येत सुधारली" म्हणून सहा महिने खुशीत होत्या. तसं करू नका.

फार रक्त जात असेल तर हिमोग्लोबिन तपासाच. देशातल्या १५ ते ४९ वयाच्या बायकांपैकी ५७ टक्के रक्तक्षयी आहेत असं पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आलं आहे. जिना चढताना धाप लागते, पाय ओढत चालावं लागतं, ते वयामुळे नसून रक्त कमी असल्यामुळे असू शकतं. लोहाची गोळी लिंबूपाण्यासोबत घ्या, चहासोबत नको.

आता पिशवीबद्दल.

गर्भाशय काढणं काही वेळा गरजेचं असतंच: कर्करोग, खूप मोठ्या गाठी, औषधांनी न थांबणारं रक्त, अंग फार बाहेर येणं. पण आपल्या राज्यात हे ऑपरेशन किती सहज होतं याचं उदाहरण बीडचं आहे. २०१९ मध्ये सरकारने नेमलेल्या समितीपुढे आलं की पाहणी केलेल्या ८२ हजारांवर ऊसतोड बायकांपैकी १३ हजारांहून जास्त जणींची पिशवी काढलेली होती, कित्येकींची तिशीतच. खाडा झाला की मुकादम पैसे कापतो, फडात आडोसा नाही, पाणी नाही, आणि पांढरं जातंय म्हणून दवाखान्यात गेलं तर कर्करोगाची भीती घालतात. शहरातल्या बायकांना ऊस तोडावा लागत नाही, पण "कटकट एकदाची मिटेल" ही भाषा तीच ऐकू येते.

म्हणून ऑपरेशन सुचवलं तर एवढं विचारा, आणि उत्तरं कागदावर लिहून घ्या. निदान नेमकं काय? अस्तराचा तुकडा तपासला का? रक्त कमी करणाऱ्या गोळ्या, हार्मोनच्या गोळ्या, गर्भाशयात बसवायची हार्मोनवाली तांबी, म्हणजे मिरेनासारखी, हे करून पाहता येईल का? महिनाभर थांबलं तर काय बिघडेल? गाठी असतील तर पाळी गेल्यावर त्या बहुधा आपोआप आक्रसतात, मग माझ्या वयात वाट बघता येईल का?

आणि सर्वात शेवटी: अंडाशय ठेवणार की तेही काढणार? हा प्रश्न शंभरातल्या नव्वद जणी विचारत नाहीत, असा माझा भिशीतला अंदाज. दोन्ही अंडाशय काढले तर पाळी एका दिवसात जाते, वाफा जोरात येतात, हाडं आणि हृदय यांवर लवकर ताण येतो. असं ४५ च्या आत झालं असेल आणि दुसरी काही अडचण नसेल तर निदान नैसर्गिक वयापर्यंत हार्मोन द्यावेत असं डॉक्टर मानतात. अंडाशय ठेवले तरी ते कधीकधी थोडे लवकर थकतात. ज्यांचं ऑपरेशन आधीच झालंय त्यांनी डिस्चार्ज कार्ड आज शोधून काढा आणि त्यात अंडाशयाबद्दल काय लिहिलंय ते वाचून घ्या. ते प्लास्टिकच्या पिशवीत रेशनकार्डासोबत ठेवा.

चौथं काम: दवाखान्यात जाताना

कॅलेंडरची पानं काढून सोबत न्या किंवा मोबाईलवर फोटो घ्या. चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत टाका, त्यात काढे, चूर्णं आणि "गुडघ्यासाठी कुणीतरी दिलेली" पुडीही. तीन तक्रारी ठरवून जा, सगळ्यात नकोशी असते ती आधी सांगा. लघवी किंवा संबंधांबद्दलची तक्रार असेल तर ती उठता उठता दारात सांगू नका. तेव्हा डॉक्टरांचं लक्ष पुढच्या पेशंटकडे गेलेलं असतं.

४५ च्या पुढे असाल आणि पाळी मागेपुढे होत असेल तर एफएसएच वगैरे महागड्या हार्मोन तपासण्यांची बहुधा गरज नसते. या वयात ते आकडे आज वर, उद्या खाली असतात. उपयोगी तपासण्या साध्या आहेत: हिमोग्लोबिन, थायरॉईड, उपाशीपोटी साखर, कोलेस्टेरॉल, बीपी, वजन आणि कमरेचा घेर. आपल्याकडच्या बायकांसाठी घेर ८० सेंटिमीटरच्या आत हवा. माझा नाही. प्रयत्न चालू आहे.

थायरॉईडचा उल्लेख मुद्दाम करते, कारण घाम, धडधड, थकवा, वजन वाढणं, पाळी बिघडणं हे सगळं त्यानेही होतं. तसंच रात्रीच्या घामासोबत संध्याकाळी ताप, खोकला, वजन घटणं असेल तर ते पाळीच्या नावावर खपवू नका. टीबी तपासून घ्या.

गर्भाशयमुखाची तपासणी आणि स्तनांची तपासणी याच फेरीत उरकून घ्या. तीस वर्षांपुढच्या बायकांसाठी या तपासण्या सरकारी कार्यक्रमात आहेत. जवळचं आरोग्य उपकेंद्र किंवा प्राथमिक आरोग्य केंद्र कुठे आणि कधी करतं ते आशाताईंना विचारा. मॅमोग्राफी कधी, किती वर्षांनी, हे घरात कुणाला स्तनाचा कर्करोग झाला होता का ते सांगून डॉक्टरांसोबत ठरवा.

पाचवं काम: वाफा आणि झोप

इस्ट्रोजेन उतरलं की मेंदूतलं तापमान सांभाळणारं केंद्र फार हळवं होतं. अंग अर्ध्या अंशानेही तापलं तरी त्याला वाटतं उकडतंय, आणि ते घामाची दारं सताड उघडतं. एक ते पाच मिनिटं अंगाची लाही होते, चेहरा लाल होतो, मग घाम सुकताना थंडी वाजते. एका मोठ्या अमेरिकी अभ्यासात हा त्रास सरासरी सात वर्षांहून जास्त टिकलेला दिसला. म्हणजे "सहा महिने सहन कर" हा सल्ला बरोबर नाही.

घरातल्या घरात काय करता येतं ते सांगते. दिवाळीच्या चकल्या तळताना मला पहिल्यांदा इतकी जोराची वाफ आली की झारा कढईत सोडून मी न्हाणीघरात जाऊन बसले. तेव्हापासून तळणाचं काम सकाळी सहाला, खिडकी उघडी, आणि ओट्यावर माठातल्या पाण्यात भिजवलेला नॅपकिन. वाफ चढतेय असं वाटलं की तो मानेवर आणि मनगटांवर ठेवायचा आणि श्वास सावकाश सोडायचा: चार मोजत आत, सहा मोजत बाहेर. वाफ त्याने जागेवर थांबेलच असं नाही, पण जीव घाबरा होत नाही.

सिंथेटिक साडी, नायलॉनचा गाऊन, पॉलिस्टरचं अस्तर असलेला ब्लाउज हे कपाटात मागे टाका. रात्री गादीवर जुनं सुती नऊवारी अंथरलं तर घाम टिपला जातो आणि मध्यरात्री ते ओढून काढता येतं. उशीपाशी कोरडा गाऊन ठेवा, म्हणजे अंधारात कपाट उघडून सगळ्यांना उठवावं लागत नाही. संध्याकाळनंतरचा चहा-कॉफी महिनाभर सोडून पाहा. झणझणीत रस्सा कुणाला चालतो, कुणाला नाही, ते तुमच्या रेघाच सांगतील. वजन जास्त असेल तर पाच-सहा किलो कमी झाल्यावर वाफाही उतरतात असा अनेकींचा अनुभव आहे.

मिश्री लावत असाल तर ती सोडायची हीच वेळ. धूम्रपानाने पाळी एक-दोन वर्षं लवकर जाते हे सिद्ध आहे, आणि तंबाखू कोणत्याही रूपात तोंडाला आणि हृदयाला घातकच. "शौचाला होत नाही मिश्रीशिवाय" हे मी सासूबाईंकडून वीस वर्षं ऐकलं. त्यांचं इसबगोलाने भागलं.

शतावरी, सोयाबीनच्या गोळ्या, परदेशी मुळ्यांची कॅप्सुलं यांचा फायदा अभ्यासांमध्ये ठामपणे दिसत नाही. आहारात सोयाबीन खायला हरकत नाही. पण लेबल नसलेली चूर्णं टाळा, आणि स्तनाचा कर्करोग होऊन गेला असेल तर असलं काहीही स्वतःच्या मनाने घेऊ नका.

सहावं काम: हार्मोनबद्दलची भीती तपासून पाहा

हार्मोन घेतले की कर्करोग होतो, हे वाक्य २००२ पासून फिरतंय. त्या वर्षी अमेरिकेतला एक मोठा अभ्यास मधेच थांबवला गेला आणि जगभर बायकांनी गोळ्या टाकून दिल्या. त्या अभ्यासातल्या बायकांचं सरासरी वय ६३ होतं, म्हणजे बहुतेकींची पाळी जाऊन दहा वर्षं उलटलेली. आणि इस्ट्रोजेन-प्रोजेस्टेरॉन अशी दोन्ही प्रकारची हार्मोन घेणाऱ्यांत स्तनाच्या कर्करोगाची वाढ निघाली ती वर्षाला दहा हजार बायकांमागे सुमारे आठ जणींची. धोका खरा आहे, पण तो एवढा आहे. गर्भाशय नसलेल्या आणि नुसतं इस्ट्रोजेन घेणाऱ्या गटात तो वाढलाच नाही.

आज डॉक्टर साधारण असं मानतात: वय साठच्या आत, पाळी जाऊन दहा वर्षांच्या आत, त्रास जास्त आणि मनाई करणारा आजार नाही, तर फायदा जास्त. वाफांवर याहून गुणकारी औषध नाही, आणि हाडांनाही आधार मिळतो. गर्भाशय असेल तर इस्ट्रोजेनसोबत प्रोजेस्टेरॉन लागतंच, नाहीतर अस्तर वाढतं. कातडीवर लावायचं जेल किंवा पॅच घेतलं तर गोळीपेक्षा रक्ताच्या गुठळीचा धोका कमी.

कोणी घेऊ नये: स्तनाचा कर्करोग झालेला आहे, कारण न कळलेला रक्तस्राव चालू आहे, पायात किंवा फुप्फुसात गुठळी झाली होती, हार्ट अटॅक किंवा पक्षाघात होऊन गेला, यकृताचा चालू आजार आहे. यांच्यासाठीही वाफांवर बिनहार्मोनच्या गोळ्या आहेत, त्यांतल्या काही मुळात नैराश्याच्या किंवा नसांच्या दुखण्याच्या आहेत. डॉक्टरांनी तशी गोळी दिली आणि दुकानदार म्हणाला "ही तर डिप्रेशनची", तर घाबरून परत करू नका. आधी डॉक्टरांना फोन करा.

हार्मोन सुरू केलं की तीन महिन्यांनी दाखवायला जायचं, मग दरवर्षी. कॅलेंडरवरच्या रेघा कमी झाल्या का, ते तेव्हा स्वच्छ दिसतं.

सातवं काम: ज्याबद्दल कुणी बोलत नाही ते

वाफा काही वर्षांनी जातात. कोरडेपणा मात्र आपोआप जात नाही, उलट वाढतो. योनीमार्गाची आणि लघवीच्या वाटेची कातडी पातळ होते. आग, खाज, संबंधांच्या वेळी दुखणं, डाग, वारंवार लघवीला जळजळ. बाया कॅंडिडसारखी बुरशीवरची मलमं लावत बसतात, नवऱ्याला "अंगात बरं नाही" सांगून वेगळ्या खोलीत झोपतात, आणि लग्नात बसमधून उतरताच आधी बाथरूम शोधतात.

करायचं असं. साबण, डेटॉल, सुगंधी वॉश आत लावणं बंद. साधं पाणी पुरे. संबंधांच्या वेळी पाण्यात मिसळणारं वंगण जेल वापरा. खोबरेल तेल चालतं, पण निरोध वापरत असाल तर नको, त्याने रबर फाटतं. आठवड्यातून दोन-तीनदा लावायची ओलावा टिकवणारी जेलं वेगळी मिळतात. एवढ्याने भागलं नाही तर डॉक्टर योनीत लावायचं इस्ट्रोजेन क्रीम देतात: सुरुवातीला दोन आठवडे रोज, मग आठवड्यातून दोनदा. हे रक्तात अगदी नगण्य जातं. फरक पडायला काही आठवडे लागतात, म्हणून चार दिवसांत "लागू पडलं नाही" म्हणू नका. लघवीचा संसर्ग परत परत होणंही त्याने कमी होतं.

खोकला, शिंक, हसू आलं की लघवी निसटते? ओटीपोटाखालच्या स्नायूंचा व्यायाम करा. चारचौघांत वारा सरू नये म्हणून जे आवळून धरतो, तेच स्नायू. पोट, मांड्या सैल, श्वास चालू. पाच सेकंद आवळा, पाच सेकंद सोडा, असं दहा वेळा, दिवसातून तीनदा. हळूहळू दहा सेकंदांपर्यंत न्या. कुकरच्या शिट्ट्या मोजताना, एसटीची वाट बघताना, कुठेही होतो. लघवी करताना मधेच थांबवून मात्र हा सराव करू नका. तीन महिने नेमाने केल्यावर फरक कळतो. जमतंय का ही शंका असेल तर महिला फिजिओथेरपिस्ट असतात. अंग बाहेर आल्यासारखं वाटत असेल तर आधी तपासून घ्या.

नवऱ्याला सांगायचं कसं? मी सरळ डॉक्टरांचा कागद हातात दिला. ते वाचून म्हणाले, "मला वाटलं तू रागावली आहेस." दोन वर्षं ते तसं समजून होते.

आठवं काम: ताट आणि हाडं

पाळी गेल्यानंतरच्या पहिल्या पाच-सहा वर्षांत हाडं सगळ्यात वेगाने झिजतात आणि दुखत काहीच नाही. मनगट मोडल्यावर कळतं. पासष्टीनंतर, किंवा पाळी लवकर गेली असेल, साध्या पडण्याने हाड मोडलं असेल, स्टेरॉईड घेतली असतील तर आधीच, हाडांची घनता मोजणारी डेक्सा तपासणी करतात. शिबिरात टाचेवर यंत्र लावतात त्याने उपचार ठरत नाहीत.

या वयात दिवसाला १,२०० मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं. ताटात मांडून बघू. दोन मोठे पेले दूध, दही किंवा तेवढ्या दुधाचं ताक: अंदाजे ४८०. पन्नास ग्रॅम पिठाची एक नाचणीची भाकरी: १८०. दोन चमचे तिळाची चटणी: १२०. वाटीभर मेथी किंवा राजगिऱ्याची भाजी, निवडलेली शंभर ग्रॅम: पावणेतीनशेच्या आसपास. झाले हजार-साडेदहाशे, बाकी डाळी-दाण्यांतून. पालेभाजी-तिळातलं सगळंच अंगी लागत नाही हे धरून चला. खरी अडचण वेगळीच असते. शेवटी जेवायला बसणाऱ्या बाईच्या वाट्याला दही उरत नाही. स्वतःची वाटी आधी काढून झाकून ठेवा. तेच उसळ, पिठलं, अंडं यांचं; किलोमागे निदान एक ग्रॅम प्रथिनं हवीत, म्हणजे साठ किलोच्या बाईला साठ ग्रॅम, आणि ती वरण-भातातून निघत नाहीत.

कॅल्शियमची गोळी लोहाच्या गोळीसोबत घेऊ नका, दोन तासांचं अंतर ठेवा. थायरॉईडची गोळी असेल तर चार तासांचं. ड जीवनसत्त्वाची साठ हजारांची पुडी आठवड्याला एक, असं डॉक्टरांनी ठरावीक आठवडे सांगितलेलं असतं. आमच्या सोसायटीत दोघी ती वर्षभर घेत होत्या. जास्त झालं तर त्याचीही विषबाधा होते.

चालणं चांगलं, आठवड्याला दीडशे मिनिटं तरी व्हावं, पण हाडांना आणि स्नायूंना वजन लागतं. आठवड्यातून दोनदा: हात न टेकता खुर्चीवरून उठ-बस दहा वेळा, भिंतीला हात टेकून जोर, दोन्ही हातांत लिटरच्या भरलेल्या बाटल्या घेऊन वर-खाली, ओटा धरून टाचा उचलणं. सोपं वाटलं की वाढवा. दात घासताना भिंतीपाशी एका पायावर उभं राहा, तोल सुधारतो. आणि न्हाणीघरातली शेवाळलेली फरशी घासून घ्या, रात्रीचा दिवा लावा. तिथे घसरून या वयातली हाडं सहज मोडतात.

नववं काम: फुल्या मोजा

कॅलेंडरवर फुल्या वाढल्या, सलग दोन आठवडे कशातच मन लागेना, जेवण नको, रडू आवरेना, तर ते "मूड" म्हणून सोडू नका. बाळंतपणानंतर ज्यांना असं झालं होतं किंवा पाळीआधी ज्या फार खचतात, त्यांनी जास्त जपावं. या वर्षांत मुलाची बारावी, सासऱ्यांचं आजारपण, ऑफिसातलं प्रमोशन सगळं एकदम येतं, त्यामुळे कारण हार्मोनचं की आयुष्याचं हे वेगळं काढता येत नाही. काढायची गरजही नाही, उपचार दोन्हींवर आहेत. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा क्रमांक १४४१६, फोन मोफत, दिवसरात्र, मराठीतून बोलता येतं. जीव नकोसा वाटला तर त्या क्षणी फोन करा आणि घरात कुणाला तरी उठवा.

आता उरलं कॅलेंडर. डिसेंबर संपताना नवीन आलं की जुनं रद्दीत जातं, आणि माझा पहिल्या वर्षीचा सगळा हिशेब असाच गेला. तेव्हा जुनं उतरवायच्या आधी शेवटच्या पाळीची तारीख नव्याच्या जानेवारीच्या पानावर कोपऱ्यात लिहा, आणि त्याच तारखेला एक वर्ष मिळवून येणारा दिवस जिथे पडतो त्या पानावर गोल करून ठेवा. माझा तो गोल गेल्या श्रावणात आला. त्या दिवशी सकाळी दूधवाला आला नव्हता, म्हणून एकाच चौकोनात खाडा आणि गोल दोन्ही आहेत.